‘मिंडन’ आणि अमेरिकेचे राष्ट्रगीत

अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिले गेले, अशी माहिती व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरते. जुन्नर-नारायणगावपर्यंतही ती पोचते आणि छातीठोकपणे सांगितली जाते. ती खोटी आहे.

‘मिंडन’ नावाचे जहाज होते, यात शंका नाही. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत ते सागवानात बांधले आणि १९ जून १८१० रोजी पाण्यात उतरवले. रांगेत उभे राहून लढणाऱ्या, ७४ तोफांच्या मोठ्या युद्धनौकांपैकी मुंबईत बांधलेले हे पहिलेच.

गोंधळ पुढे होतो. अमेरिकेशी चाललेल्या युद्धात १३ आणि १४ सप्टेंबर १८१४ रोजी ब्रिटिशांनी बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर तोफगोळ्यांचा मारा केला. ज्यांच्या कवितेचे पुढे राष्ट्रगीत झाले ते वकील फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा ब्रिटिशांनी पकडलेल्या डॉ. विल्यम बीन्स यांची सुटका करण्यासाठी ब्रिटिश ताफ्याकडे गेले होते. हल्ला संपेपर्यंत त्यांना सोडणे धोक्याचे, म्हणून ब्रिटिशांनी त्यांना त्यांच्याच अमेरिकी जहाजावर, पहाऱ्यात, रोखून ठेवले. हे जहाज तहाच्या पांढऱ्या निशाणाचे. कवितेच्या ओळी तिथे सुचल्या, आणि ती पूर्ण झाली ती बाल्टिमोरच्या हॉटेलात! शिवाय किल्ल्यासमोरचे पाणी उथळ. ७४ तोफांचे अवजड जहाज तिथे आणणे शक्यच नव्हते. मारा केला तो लहान बॉम्बजहाजांनी आणि एका रॉकेटजहाजाने. ‘मिंडन’ तर त्या लढाईत नव्हतेच. तरीही ही कथा पुढे पाठवणारे एक साधा प्रश्न विचारत नाहीत: ब्रिटिशांच्या लढाऊ जहाजावर शत्रूचा वकील निवांत कविता कसा लिहील?

‘मिंडन’ची खरी कामगिरी काही कमी नाही. १८१६ मध्ये अल्जियर्सच्या तोफयुद्धात ते होते. पुढे हाँगकाँगमध्ये इस्पितळजहाज झाले.

अशा जहाजांचा आराखडाही वाडियांचाच, असे काही जण सांगतात. तसे नाही, तो इंग्लंडहून येई, वाडियांचे कौशल्य बांधणीत. ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ मुंबईचे, हाही गैरसमज, ते चॅटहॅमचे. ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह मात्र खरोखरच मुंबईत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी झाला. अभिमान बाळगायचा तर इथे बाळगावा.

वाडियांनीच मुंबईत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ची गोष्ट तर विलक्षण. तिच्या आराखड्यांची पहिली प्रत १८१२ मध्ये ब्राझीलजवळ ‘जावा’ हे जहाज अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’शी लढताना हरले आणि मग जाळले गेले, त्यात गेली. दुसरी प्रत आल्यावर, १८१६ मध्ये, तिच्या कण्यात पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झाले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ती फ्रिगेट आहे, मोठी युद्धनौका नव्हे. इंग्लंडला जाणाऱ्यांनी हार्टलपूलला ती आवर्जून पाहावी. वाडियांचे काम तिथे आजही पाण्यावर तरंगते आहे.