फुलीचा स्क्रू व त्याचें बिट

केळशीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं मोटारसायकलच्या स्क्रूंस दोन शत्रू असतात. एक खारा वारा, व दुसरा चुकीचें बिट हातीं घेणारा गाडीचा मालक. पहिल्यावर आपली फारशी मात्रा चालत नाहीं. दुसऱ्याविषयीं मात्र चार गोष्टी सांगतां येतील.

इंजिनाचें झाकण ॲल्युमिनियमचें असतें व त्यांतील स्क्रू पोलादाचा. या दोन भिन्न धातूंमध्यें खारट ओलावा शिरला म्हणजे ॲल्युमिनियम झिजूं लागतें, आणि त्यापासून होणारा पांढरा क्षार मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो. तो आट्यांत दाटला कीं स्क्रू जागच्या जागीं जखडला जातो. भारजेच्या खाडीजवळ दोन पावसाळे उभी राहिलेली गाडी व पुण्याची गाडी यांचे स्क्रू सारख्याच सहजतेनें सुटतील, ही आशा व्यर्थ होय. अशा वेळीं बिट खांचेंत नीट बसणारें नसेल, तर पहिल्याच नेटाला खांचेच्या कडा कापल्या जातात. मग ड्रिलनें स्क्रूचें डोकें उडविण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि तेवढ्याकरितां गाडी टेंपोंत घालून दापोलीची वाट धरावी लागते.

फुलीची खांच दिसली कीं बाजारांतील कोणतेंही 'स्टार' बिट तिला चालेल, असें बहुतेकांस वाटतें. वस्तुतः फुली एकाच जातीची नसते. अमेरिकेंतील पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांस १९३६ सालीं जिचीं पेटंटें मिळालीं, ती फिलिप्स खांच जगभर पसरली. जपानी औद्योगिक मानकांत, म्हणजे जेआयएसमध्यें, जी फुली आहे ती दिसावयास तशीच, परंतु किंचित् उथळ. त्यामुळें फिलिप्स बिटाचें टोंक जपानी खांचेच्या तळाला आधींच टेंकतें, व त्याचीं चार पातीं भिंतींस पुरतीं भिडत नाहींत. जोर लावला कीं बिट वर चढून निसटतें, आणि निसटतांना धातू खरवडून नेतें. कित्येक कारागीर फिलिप्स बिटाचें टोंक सहाणेवर किंचित् घासून घेतात, तें याच कारणानें. उलट, जपानी बिट फिलिप्स खांचेंत बहुधा चांगलें बसतें. तेव्हां एकच संच घ्यावयाचा झाल्यास जपानी घ्यावा, असें माझें मत आहे.

आपल्याकडे १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० निघाली. यामाहा, सुझुकी व कावासाकी यांच्या गाड्याही त्याच सुमारास देशी कारखान्यांच्या भागीदारीनें बनूं लागल्या. अशा गाड्यांच्या स्क्रूवर पुष्कळदां फुलीशेजारीं एक बारीक ठिपका आढळतो. ती जपानी मानकाची खूण होय.

जातीइतकेंच महत्त्व क्रमांकास आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या ४ मिलिमीटर स्क्रूस किंवा ५ मिलिमीटरच्या स्क्रूस २ क्रमांकाचें बिट लागतें. इंजिनाच्या झाकणाच्या ६ मिलिमीटर स्क्रूस ३ क्रमांकाचें. घरोघरीं असतें तें २ क्रमांकाचें, आणि तेंच सर्वत्र चालविण्याचा मोह अनावर होतो! खांचेंतील चिखल सुईनें काढावा, बिट बसवून हलवून पाहावें. डुगडुगलें तर तें त्या स्क्रूचें नव्हे.

जखडलेल्या स्क्रूवर गंज सोडविणारें तेल रात्रभर मुरूं द्यावें. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचा घाव घालावा. एकाच घावानें बिट खांचेंत दाबलें जातें व फिरतेंही. कार्ब्युरेटरसारख्या नाजूक भागांवर मात्र हा प्रयोग करूं नये.

नव्या गाड्यांत फुलीची जागा षट्कोनी खांच घेत आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या ॲलन बोल्टास बहुधा ५ मिलिमीटरची किल्ली लागते. तींत इंची मापाची ३/१६ किल्लीही शिरते, पण ती ४.७६ मिलिमीटरचीच असल्यानें कोपरे गोल करून टाकते. सहा टोंकांच्या चांदणीची खांच असल्यास दुकानांत 'टॉर्क्स' असें स्पष्ट म्हणावें. नुसतें 'स्टार' म्हटल्यास दुकानदार फुलीचेंच बिट पुढें करील.

झाकणाचा स्क्रू परत बसवितांना आट्यांस तांब्याच्या भुकटीचें ग्रीस अगदीं थोडें लावावें, आणि मग तो नेहमींपेक्षां जरा हलक्या हातानें आवळावा, कारण वंगण लावलेला स्क्रू तेवढ्याच जोरानें अधिक ताणला जातो.