मागून आणलेले टाळ

नाताळला आठ दिवस होते. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, चर्चपुढच्या मांडवात ख्रिस्ती कीर्तन ठेवलं होतं. पेटी मंडळीची; टाळ मात्र मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाकडून मागून आणलेले, आणि टाळांबरोबर त्यांचा पखवाजवालाही आला होता. बुवांनी पूर्वरंगात क्षमेचं निरूपण केलं, उत्तररंगात उधळ्या पुत्राची गोष्ट लावली. बाप जिवंत असताना वाटणी मागणारा धाकटा मुलगा म्हटल्यावर बांधाच्या भांडणांत मुरलेली माणसं सावरून बसली. मुलगा लांबून दिसताच बाप धावत सुटतो, तिथे बुवा थांबले आणि पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "आबा, तुम्ही धावला असता का?" म्हाताऱ्याचा तंबाखू मळता हात थांबला. "पाय धड असते तर," तो म्हणाला. मांडव हसला आणि पखवाजावर थाप पडली.

मंडळीत सुवार्तेची ओढ कशी रुजवावी यावर हल्ली शिबिरं भरतात, फलक लागतात, तक्ते होतात. मला त्या रात्रीचा मांडव जास्त शिकवून गेला. बोलत होते एकटे बुवा, पण सतरंज्या कुणी आणल्या होत्या, चहाचं पातेलं कुणी चढवलं होतं, शेजारणींना 'चला गं' म्हणून हाताला धरून आणणाऱ्या बायका होत्या. पाळकसाहेब मागे चपलांशेजारी बसले होते.

ख्रिस्ताची कथा आपल्या चालीत सांगण्याची ही रीत मराठीला नवी नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा ओव्यांत रचली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. पुढे १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला मिशनचं ठाणं झालं, १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. शाळा झाल्या, दवाखाने झाले. त्याबरोबर एक खोडही जडली. उपदेशक पगारी आणि पगार मिशनचा, तेव्हा सांगणं हे त्याचं काम आणि ऐकणं आमचं, अशी मंडळीची समजूत होऊन बसली. नोकरदाराला साहेब असतो, बदली असते. सुवार्ता अशी नोकरी होऊन बसली की रविवारी बाकावर बसलेला माणूस नुसता श्रोता उरतो.

ही खोड नेमकी ओळखली कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती होण्यामागे काहीतरी लालूच असतेच असं ज्यांना वाटतं, त्यांनी टिळकांचा हिशेब मांडून पाहावा: नातेवाईक तुटले, पत्नी लक्ष्मीबाई आणि मूल दुरावले. लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळं घेऊनच, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळं आहे, आणि त्या बाईंची विनोदबुद्धी अशी की वाचणारा रडता रडता हसतो. टिळकांनी त्यांना ओढून नेलं नाही, हे मला त्यांच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं वाटतं.

टिळक येईपर्यंत मंडळी पुष्कळदा विलायती चालींवर बेतलेली गीतं गात. टिळकांनी अभंग, ओव्या, भजनं दिली, कीर्तनं केली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं ते उघडपणे सांगत. गाणं मुखी बसलं की ते गोठ्यात जातं, पाणवठ्यावर जातं. त्याला पगार लागत नाही. 'उपासना संगीत' हे मंडळीचं गीतांचं पुस्तक उघडलं की आजही पानोपानी टिळकच भेटतात. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीच सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्यात जागा होती. मे १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभं राहिलेलं काम त्याच्यामागे विझतं, ही त्या प्रयोगाची उणी बाजू, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंनी वेगळं केलं. दुष्काळातून आणलेल्या मुलींनाच त्यांनी प्रार्थनेला आणि आसपासच्या खेड्यांत जायला उभं केलं. १९०५ मध्ये तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात जी आध्यात्मिक जागृती झाली, ती या मुलींमधूनच उठली. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते छापणारे हातही मुक्तीतल्या बायकांचेच होते.

आणि तेलुगू मुलखात दोर्नकलचे बिशप अझरिया. १९१२ मध्ये अँग्लिकन मंडळीतले ते पहिले भारतीय बिशप झाले. बाप्तिस्मा घेणाऱ्याला ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावत आणि, सुवार्ता सांगितली नाही तर माझी धडगत नाही, अशा अर्थाचे पौलाचे शब्द म्हणवून घेत. त्यांच्या मंडळ्या मुख्यतः माला आणि मादिगा जातींतल्या मजुरांच्या, बहुतेक निरक्षर. वर्षातून एक सप्ताह ही माणसं टोळ्यांनी गावोगाव निघत. त्यांचं सगळ्यात मोठं प्रवचन म्हणजे सुटलेली दारू आणि थांबलेली मारहाण; शेजारी ते बघत होते.

नगरकडच्या त्या खेड्यातल्या कीर्तनाचा खर्च मी मंडळीच्या पंचांना विचारला. त्यांनी उपकारस्तुतीच्या सणाचं सांगितलं. दिवाळीनंतर बाजरी घरात आली की जो तो जमेल ते वेदीपुढे आणून ठेवतो आणि उपासना संपल्यावर चर्चच्या दारात लिलाव होतो. गेल्या खेपेला एका आजींनी एकच अंडं आणलं होतं. ते एकाने पन्नासाला घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. दुसऱ्याने सत्तरला घेतलं, त्यानेही परत ठेवलं. असं ते सहा वेळा विकलं गेलं. बुवांचं बसभाडं आणि पेढे त्यातूनच निघाले.

"आणि अंडं?"

"शेवटी आजींनाच दिलं. त्यांनी ते कोंबडीखाली ठेवलं."

सकाळी टाळ परत करायला मी पंचांबरोबर देवळात गेलो. एका जोडीची दोरी झिजली होती. रात्रीच कुणीतरी नवी ओवली होती. पखवाजवाला पायरीवर बसला होता. त्याने टाळ वाजवून पाहिले आणि विचारलं, "पुढचं कीर्तन कधी आहे?"