मुद्रकजोडणी, लिनक्स संगणकावरील

लिनक्स या परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला प्रिंटर म्हणजेच मुद्रक जोडून छपाई करून घेण्याची व्यवस्था. तार जोडणे हा तीतील सोपा भाग होय. संगणकातील पान मुद्रकाला कळेल अशा भाषेत मांडणे हा खरा प्रश्न असतो. ही भाषा निर्मात्यागणिक वेगळी असल्याने प्रत्येक प्रकारच्या मुद्रकासाठी ‘ड्रायव्हर’ नावाची स्वतंत्र आज्ञावली लागे. अनेक निर्माते ती केवळ विंडोज प्रणालीसाठी पुरवीत. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्यांना बहुधा स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरवर विसंबावे लागे.

लिनक्स ज्या मुक्त आज्ञावलींच्या परंपरेत वाढले, तिच्या उगमाशीही एक मुद्रकच आहे. १९८० च्या सुमारास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्रयोगशाळेला झेरॉक्सचा लेसर मुद्रक मिळाला. कागद अडकल्याची सूचना वापरणाऱ्यांच्या पडद्यावर यावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या मुद्रकासाठी केली होती. नव्या मुद्रकाच्या आज्ञावलीचा मूळ पाठ हाती नसल्याने तीच सुधारणा तेथे करता येईना. कार्नेगी-मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे तो पाठ होता. पण गोपनीयतेच्या करारामुळे त्याने तो दिला नाही. हा अनुभव स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागील एक प्रेरणा ठरला.

आज बहुतेक लिनक्स संगणकांवर छपाईचे काम ‘कप्स’ ही आज्ञावली पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिची रचना आरंभिली व १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. छापण्याचा आदेश मिळताच मजकूर रांगेत लागतो, गाळण्यांच्या मालिकेतून रूपांतरित होतो आणि मुद्रकाकडे धाडला जातो. देवनागरीची जोडाक्षरे त्यापूर्वीच, मजकूर लिहिण्याच्या आज्ञावलीत सिद्ध झालेली असतात. ती कागदावर तुटली, तर दोष प्रथम तेथे किंवा फाँटमध्ये शोधावा. मुद्रकाला उगाच बोल लावला जातो.

ॲपलच्या एअरप्रिंट (२०१०) व पुढील आयपीपी एव्हरीव्हेअर या पद्धतींमुळे ड्रायव्हरची गरज पुष्कळ कमी झाली. अशा पद्धतीचा मुद्रक कागदाचे आकार, रंग, दुहेरी छपाई इत्यादी क्षमता स्वतःच कळवितो. तो संगणकाच्याच जाळ्यात असल्यास सामान्यतः यादीत आपोआप दिसतो. जुन्या मुद्रकाची जोडणी मांडणीच्या पटलावरून, किंवा ब्राउझरमध्ये त्याच संगणकाचे ६३१ क्रमांकाचे द्वार उघडून करता येते. त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. मात्र कप्सच्या तिसऱ्या आवृत्तीतून जुन्या धर्तीचे ड्रायव्हर वगळण्याचे ठरले आहे. धडधाकट असूनही केवळ भाषा जुनी म्हणून मुद्रक निकामी होऊ नयेत, यासाठी ओपनप्रिंटिंग या गटाने जुन्या ड्रायव्हरना नव्या पद्धतीत सामावून घेणाऱ्या आज्ञावली तयार केल्या आहेत.

मुद्रक आपोआप सापडण्याच्या सोयीत धोकाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या सहायक आज्ञावलींत काही उणिवा उघड झाल्या. बनावट मुद्रक यादीत घुसवून, त्याच्याकडे छपाई पाठविली जाताच संगणकावर परक्या आज्ञा चालविणे त्यांमुळे शक्य होते. दुरुस्त्या लवकरच उपलब्ध झाल्या. तथापि ६३१ क्रमांकाचे द्वार इंटरनेटच्या बाजूने बंद ठेवणे इष्ट असते.