ओझरच्या खालची प्रवरा

माझं माहेर कोल्हार खुर्द, सासर कोल्हार बुद्रुक. मधे काय ती प्रवरा. खुर्द राहुरी तालुक्यात आणि बुद्रुक राहात्यात, त्यामुळे नगर-मनमाड रस्त्यावरचा एक पूल ओलांडून मी तालुका बदलून आले. माहेरचं रान उजव्या कालव्यावर भिजतं, सासरचं डाव्या. नदी दोन्ही गावांच्या दाराशी आहे, पण आमचा ऊस उभा राहतो पाटाच्या पाण्यावर. उन्हाळ्यात आलेला पाहुणा पुलावरून खाली खडक आणि वेड्या बाभळी बघतो, आजूबाजूचा हिरवा ऊस बघतो आणि विचारतो, हे पाणी येतं कुठून?

त्याला मी कोल्हार-घोटी रस्ता दाखवते. आमच्या गावातून निघून तो लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत सह्याद्रीत चढतो आणि बराच वेळ नदीच्या सोबतीनं चालतो. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या डोंगरात; पायथ्याला रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आहे आणि पुढे लगेच भंडारदऱ्याचा जलाशय. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास, तोही मनात आलं तर. ढग डोंगरावरच रिकामे होतात, आम्ही पडलो पर्जन्यछायेत. जिल्हा एकच, पण वरच्या टोकाला भाताची खाचरं आणि आमच्या अंगाला बाजरी. नदी या दोन मुलखांना जोडते म्हणून तिला मोल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लागोपाठ मोठे दुष्काळ पडले, तेव्हा इंग्रज सरकारला कालव्यांची निकड पटली. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं. उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरण पंधरा ऑगस्टच्या आत भरलं का, हे आमच्याकडे अजूनही सणाच्या बातमीसारखं विचारलं जातं.

हे जुने कालवे धरणापासून निघतच नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सोडलेलं पाणी रंधा धबधब्याच्या अंगानं नदीतूनच खाली येतं, अकोले-संगमनेर ओलांडतं आणि ओझरच्या बंधाऱ्याशी अडतं. तिथून डावा आणि उजवा कालवा फुटतो. म्हणजे ओझरपर्यंत नदीच कालव्याचं काम करते आणि ओझरच्या खाली, आमच्या वाट्याला, पुराचं पाणी, पाझर आणि बंधाऱ्यात अडेल तेवढंच उरतं. कोल्हार ओझरच्या खाली आहे, एवढं सांगितलं की पाहुण्याचा प्रश्न संपतो.

पाटाचं पाणी आवर्तनानं येतं. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाळी लागेल तेव्हा रात्री बॅटरी घेऊन चारीवर जायचं. वरच्यानं दारं फोडली की टेलवाल्याच्या हाती चिखल. या पाण्यावर ऊस आला, आणि उसावर लोणीचा कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी उभा केलेला तो सहकारी कारखाना. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शाळा, दवाखाने, कॉलेजं मागून आली. पण पाटाचं भरपूर पाणी चांगल्या काळ्या रानांना चढलं आणि ती चोपण झाली, हेही त्याच सुबत्तेचं पोर आहे. त्याबद्दल सभेत कुणी बोलत नाही.

खालच्या अंगाला ही नदी फार जुनी माणसं सांभाळून आहे. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा बैलजोडीचा रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा सापडले. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी या काठावर शेती करणारे लोक होते. वर संगमनेरजवळच्या जोर्व्यावरून तर एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच नाव मिळालं. पुढे नेवासं. तिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग टोक्याजवळ प्रवरासंगमाला गोदावरी भेटते. तिथे आता पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा आहे.

या जायकवाडीवरूनच आमच्याकडे दर तुटीच्या वर्षी डोकी तापतात. समन्यायी पाणीवाटपाच्या २००५ च्या कायद्याच्या आधारे वरच्या धरणांमधून खाली पाणी सोडलं जातं. २०२३ मध्ये ठरलेल्या ८.६ टीएमसीपैकी ३.३६ टीएमसी प्रवरेच्या धरणांच्या वाट्याला आले. एरवी कोरडी नदी त्या दिवसांत भरून वाहते. पण ते पाणी आमचं नाही, म्हणून काठच्या मोटारींची वीज तोडतात आणि बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. घरातली पुरुषमंडळी मोर्चाला जातात. मला पैठणकडच्यांचा राग येत नाही, आणि हे मी जेवणाच्या पंगतीत बोलले की वाढणारी सुद्धा थांबते. आम्ही पैठणच्या वर आहोत तसे अकोल्याच्या खाली आहोत. भंडारदऱ्यात आणि त्याखालच्या निळवंडे धरणात रानं बुडाली ती अकोलेकरांची. आठ टीएमसीचं निळवंडे झालं तेव्हा स्वतःच्या शेतांसाठी उच्चस्तरीय कालवे मागताना त्यांनाही भांडावं लागलं, आणि त्या वेळी खालचे म्हणून अंग चोरून बसलेल्यांत आम्हीही होतो.