जुन्या पद्मिनीचं ब्रेक पेडल दगडासारखं झालं तर?

पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी कुणाच्या अब्बांची, कुणाच्या मामूंची आठवण म्हणून अजून घराघरांत आहे. गिरगावात खोताची वाडीसारख्या अरुंद गल्लीत ती महिनोन्‌महिने उभी राहते. मग ईदला सगळ्यांना बसवून बाहेर काढावी, तर ब्रेक पेडल दाबतच नाही!

मेकॅनिक बहुधा आधी म्हणतो, "बूस्टर गेला." पण गाडीला बूस्टर आहे का, हे तर बघा. बहुतेक पद्मिनींना तो नसतोच. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळा जोर आपल्या पायाचा. त्यामुळे नव्या गाडीची सवय झालेल्या मुलाला चांगलं पेडलसुद्धा जड वाटतं.

बूस्टर असलेल्या गाडीची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबूनच धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर इंजिनकडून येणारा व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला व्हॉल्व्ह आधी तपासा. पाइप स्वस्तात बदलतो, बूस्टर नाही.

बूस्टर नसेल तर चाकांकडे चला. सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना ओट लावून, गाडी जॅकवर आणि मग स्टँडवर घ्या. एकाने पेडल दाबून सोडायचं, दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचं. पेडल सोडल्यावर चाक लगेच मोकळं व्हायला हवं. नाही झालं, तर त्या चाकाचा एअर काढायचा स्क्रू जरा सैल करा. ब्रेक ऑइल जोरात बाहेर येऊन चाक सुटलं, म्हणजे दाब आत अडकला होता. एकाच चाकाचं असं असेल तर रबरी होज आतून फुगलेला असतो; बाहेरून तो अगदी नवा दिसतो. चारही चाकं अडकत असतील तर मास्टर सिलिंडरकडे बघा. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते. ती नसेल, तर ऑइल परत जायचं बारीक भोक बंदच राहतं आणि ब्रेक लागलेलेच राहतात. स्क्रू सोडूनही चाक सुटलं नाही, तर व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून जाम झालाय. उभ्या गाडीत, त्यातही मुंबईच्या दमट हवेत, हे फार होतं.

चाकं मोकळी फिरतात, पेडल कडक आहे आणि तरी गाडी थांबत नाही, असंही होतं. तेव्हा ड्रम उघडून लायनर बघा: काचेसारखे गुळगुळीत झालेत का, तेल लागलंय का. आतली धूळ मात्र फुंकर किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसा, मुलांना लांब ठेवा.

आणि "गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो" हे नकोच. मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा, नाहीतर टो करून न्या.