पहिलं उपकरण घेताना : हवेच्या लहरींचा प्रकार

शरीरभान : भाग सातवा

कंपनावर चालणाऱ्या, लैंगिक सुखासाठीच्या उपकरणांवरच्या मागच्या भागानंतर जी पत्रं आली, ती लिहिणाऱ्या बहुतेकींना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, असं उपकरण मागवलं तर काही कायद्याचं लचांड मागे लागतं का? आणि दोन, ते ‘ओढून घेणारं’ म्हणतात ते पहिल्यांदाच घेणाऱ्या बाईने घ्यावं का, आणि घ्यावं तर कुठलं? पत्रं नवीन पनवेल, कामोठे, खारघर, उलवे अशी सगळी आपल्या पट्ट्यातली.

कायद्याचं उत्तर योगायोगाने आपल्याच भागातलं आहे. न्हावा शेवा बंदरात उतरून कळंबोलीमार्गे देशभर जाणाऱ्या मालात असाच एक माल होता. डॉक ब्राउन इंडस्ट्रीज या कंपनीने तो ‘बॉडी मसाजर’ म्हणून आणला आणि न्हावा शेवाच्या सीमाशुल्क आयुक्तांनी तो अडवला. त्यांचं म्हणणं असं, की ही वस्तू मसाजची असली तरी तिचा वापर आणखी एका कामासाठी होऊ शकतो, सबब ती अश्लील. आधार होता १९६४ सालच्या एका अधिसूचनेचा. तिच्यात अश्लील पुस्तकं, पत्रकं, चित्रं, आकृती वगैरेंच्या आयातीला बंदी आहे आणि यादीच्या शेवटी ‘वस्तू’ हाही शब्द आहे. अपिलीय न्यायाधिकरणाने आयुक्तांचा आदेश रद्द केला, सीमाशुल्क विभाग मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि मार्च २०२४ मध्ये न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. किशोर संत यांच्या खंडपीठाने ते अपील फेटाळलं. यादीतली ‘वस्तू’ पुस्तकं-चित्रांच्या जोडीने वाचायची, मसाजर त्यात बसत नाही. आणि जो माल देशातल्या बाजारात उघड विकला जातो तो बंदरावर येताच अश्लील कसा ठरतो, हा न्यायालयाचा रोख होता. वस्तूचा दुसरा वापर ही आयुक्तांची कल्पना, असंही न्यायालयाने सुनावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं अश्लील ठरवून जप्त करणाऱ्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही याच उच्च न्यायालयाने फटकारलं.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९४, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २९२, अश्लील वस्तूंची विक्री, प्रदर्शन आणि प्रसार यांबद्दल बोलतं. आपल्या घरात, आपल्या वापरासाठी असलेल्या उपकरणाबद्दल नाही. धास्ती विकणाऱ्याला असते. म्हणून डबा साधा, त्यावर चित्र नाही, बिलावर ‘पर्सनल मसाजर’. उघड्यावर दुकान थाटणं अजूनही सोपं नाही. गोव्यात कळंगुटला २०२१ च्या फेब्रुवारीत असं एक दुकान सुरू झालं होतं. गावात ओरड झाली, पंचायतीने परवान्याचा मुद्दा काढला आणि महिन्याभरात पाटी उतरली.

जाता जाता, वाचकांच्या अशाच प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला भरला गेला होता. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी १९३४ साली कर्व्यांना २०० रुपये दंड भरावा लागला. त्या मानाने माझं बरं चाललंय. दोन-चार संतप्त पत्रांवर भागतं.

आता यंत्राकडे. या ‘ओढून घेणाऱ्या’ प्रकाराचा जन्म जर्मनीतला. मिखाएल लेंके या संशोधकाने पत्नी ब्रिगिटे यांच्यासोबत घरच्या घरी प्रयोग करून तो घडवला आणि २०१४ मध्ये ‘वूमनायझर’ या नावाने तो बाजारात आला. (नाव कुणी सुचवलं देव जाणे, माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत वाईट नाव.) पुढे ‘सॅटिस्फायर’ने तेच तंत्र स्वस्तात आणलं आणि आता डझनावारी कंपन्या ते विकतात. सगळे त्याला ‘सक्शन’ म्हणतात, पण हे यंत्र सलग ओढत नाही. तोंडाशी एक छोटी पोकळी असते, तिच्या मागे एक पडदा वेगाने पुढे-मागे हलतो, आणि आतल्या हवेचा दाब क्षणात कमी, क्षणात जास्त होत राहतो. त्वचेवर घासणं नाही, जोराचं दाबणं नाही. हवाच काम करते.

घरात लहान मुलाच्या औषधाची, बिनसुईची सिरिंज असेल तर आत्ता करून बघा. सिरिंजच्या तोंडावर बोटाचं टोक नीट टेकवा आणि दट्ट्या अगदी थोडा मागे-पुढे करा. बोटाची त्वचा किंचित आत ओढली जाते, सैल पडते, पुन्हा ओढली जाते. आता बोट केसभर बाजूला सरकवा, म्हणजे एका कडेला फट राहील, आणि दट्ट्या पुन्हा हलवा. काहीच जाणवत नाही, नुसतं फुसफुसतं. ‘इतके पैसे घातले आणि मला काही झालंच नाही’ असं लिहिणाऱ्या बऱ्याच जणींचं घोडं त्या केसभर फटीत अडलेलं असतं. म्हणून या प्रकारात मोटर किती ताकदीची यापेक्षा तोंडाचं माप तुम्हाला बसतं का, हे आधी पाहायचं.

माप कशाचं, तर क्लिटोरिसच्या बाहेर दिसणाऱ्या टोकाचं. पाठ्यपुस्तकात तिला शिश्निका म्हणतात. दिसतो तो अवयवाचा लहानसा भाग, बाकीचा आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. हेलन ओ’कॉनेल या ऑस्ट्रेलियन मूत्ररोगतज्ज्ञ बाईंनी १९९८ मध्ये शवविच्छेदन करून ती रचना नीट मांडली. तोवर शरीरशास्त्राच्या भल्याभल्या पुस्तकांत ती अर्धवटच होती. या अवयवात आठ हजार मज्जातंतू आहेत हा आकडा वर्षानुवर्षं छापला जात होता, तो मुळात गुराढोरांच्या अभ्यासातून उचललेला. २०२२ मध्ये अमेरिकेत ब्लेअर पीटर्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या ऊतीत मोजणी केली, तर दहा हजारांहून जास्त भरले. आणि तिथल्याच हजाराहून अधिक स्त्रियांच्या एका पाहणीत निव्वळ संभोगाने तृप्ती मिळते असं सांगणाऱ्या फक्त १८ टक्के निघाल्या. तेव्हा ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं लिहिणाऱ्या कामोठ्याच्या ताई, तुमच्यात काही कमी नाही.

हे टोक कुणाचं मसुरीएवढं, कुणाचं वाटाण्याएवढं. कुणाचं त्वचेच्या घडीखाली झाकलेलं, कुणाचं उघडं. आरसा घ्या, निवांत बघा. लहान आणि झाकलेलं असेल तर अरुंद, मऊ काठाचं तोंड बरं. घडी जाड किंवा टोक मोठं असेल तर रुंद, लांबट तोंड लागतं. काही उपकरणांसोबत दोन मापांची तोंडं येतात आणि ती काढून बदलता येतात. पहिल्या खरेदीला मी याच सोयीसाठी थोडे जास्त पैसे मोजायला सांगेन. शिवाय निघणारं तोंड धुवायला सोपं.

दुसरं, सर्वांत खालची पायरी. जाहिरातीत वरच्या पायऱ्यांचं कौतुक असतं: बारा पातळ्या, वीस तऱ्हा. नवख्या बाईला उपयोग पहिल्या तीन पातळ्यांचा. काही स्वस्त यंत्रांची पहिली पातळीच इतकी तिखट असते की झोंबतं, आणि मग यंत्र कपाटात जातं ते कायमचं. घेतलेल्यांचे अभिप्राय वाचताना ‘पॉवरफुल’ या शब्दावरून पुढे जा आणि ‘पहिली पातळी सौम्य आहे’ असं कुणी लिहिलंय का ते शोधा. कमी-जास्तची दोन वेगळी बटणं असावीत. एकाच बटणाने सगळ्या पातळ्या फिरवायच्या म्हणजे खाली यायला आधी वर जावं लागतं, आणि ते नेमकं नको त्या वेळी.

दोन टोकांची, आत-बाहेर एकदम चालणारी, पहिल्यांदा घेऊ नका. दोन मापं एकाच वेळी जुळावी लागतात आणि एकही जुळत नाही. मोबाइल ॲपवर चालणारंही नको. ‘वुई-व्हाइब’ ही ॲपवर चालणारी उपकरणं बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीवर ग्राहकांच्या वापराची माहिती गोळा केल्याचा दावा झाला आणि २०१७ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलर मोजून तिने तो मिटवला. आपल्या शेजघराचा हिशेब कुणाच्या सर्व्हरवर कशाला?

कशापासून बनवलंय, यात मात्र तडजोड करू नका. अंगाला लागणारा भाग मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा आणि बाकी कवच एबीएस प्लॅस्टिकचं असावं. डबा उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला, हाताला चिकट लागलं, किंवा कशाचं बनवलंय हे कुठेच छापलेलं नसलं, तर परत पाठवा. मऊ, पारदर्शक, ‘जेली’ म्हणून विकली जाणारी सच्छिद्र असतात. कितीही धुतली तरी जंतू आत राहू शकतात, आणि प्लॅस्टिक मऊ करायला वापरलेली थॅलेट्स त्यांतून झिरपू शकतात. या वस्तूंसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आलं. विक्रेत्याने त्याचा उल्लेख केला असेल तर चांगलं, पण नुसत्या उल्लेखावर विसंबू नका. आयपीएक्स७ असं लिहिलेलं असेल तर यंत्र मीटरभर पाण्यात अर्धा तास तगतं.

हा जलरोधकपणा आपल्याकडे वेगळ्याच कारणासाठी कामाचा. नवीन पनवेलच्या वन बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये, मुलं अभ्यासाला आतल्या खोलीत. बाईला आतून कडी लावता येते अशी एकच जागा, न्हाणीघर. तिथे एक्झॉस्ट फॅनही असतो, तो आवाज झाकतो. आवाजाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, भिंती पातळ असतात. आणि या प्रकाराची एक खोड आहे: त्वचेला नीट टेकलेलं असताना ते दबक्या आवाजात चालतं, उचललं की एकदम घरघरतं. म्हणून आधी टेकवा, मग सुरू करा. आधी बंद करा, मग उचला. त्वचेला टेकल्यावरच चालू होणारी आणि उचलताच थांबणारी यंत्रंही मिळतात, ती महाग पडतात. साधारण दोन-तीन हजारांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंत हा बाजार पसरलाय. पाचशे रुपयांत हेच यंत्र देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. पार्सलची धाकधूक असेल तर आधीच पैसे भरा, म्हणजे गेटवर वॉचमनपाशी रोख मोजणं आणि ‘काय मागवलंत वहिनी?’ हे दोन्ही टळतं.

पहिल्या वेळी पाण्यावर आधारित वंगण, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी जेल, थेंबभर तोंडाच्या काठाला लावा. फट बुजते, ओढ सारखी लागते. सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनच्या यंत्राला चालत नाही. खोबरेल तेल कोकणातल्या घरात सगळ्यावर इलाज असलं तरी इथे ते पोकळीत जाऊन बसतं आणि निघता निघत नाही. शिवाय तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटतो, हे जोडप्यांनी ध्यानात ठेवावं. यंत्र दाबू नका, नुसतं टेकवा. सर्वांत खालच्या पातळीवर मिनिटभर थांबा, मग जागा तसूभर इकडे-तिकडे करा. पातळी वाढवण्याआधी जागा बदलून पाहा. थेट टोकावर तीव्र वाटलं तर घडीवरून लावा किंवा पातळ सुती कापड मध्ये घ्या. बधिरपणा आला तर थांबा, तो थोड्या वेळात जातो. दुखणं मात्र सहन करायचं नसतं.

काहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये: गरोदर स्त्रिया, बाळंतपणानंतर टाके भरून यायचे आहेत अशा, पेसमेकर असलेल्या, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या, आणि त्या जागी जंतुसंसर्ग किंवा फोड असलेल्या. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये किंवा परळच्या टाटा रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी हा विषय स्वतःहून काढावा. विचारायला संकोच नको. याच कुळातलं, पण खरंच सलग ओढणारं ‘इरॉस’ नावाचं उपकरण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० सालीच डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायला मंजूर केलं होतं, आणि किरणोपचारानंतरच्या रुग्णांवर त्याचा अभ्यासही झाला.

वापरून झालं की तोंड काढून कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. डेटॉल नको, स्पिरिट नको, मोटर असलेला भाग उकळत्या पाण्यात तर मुळीच नको. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका. पोकळीत ओल राहिली तर बुरशी धरते. पिशवी सुती, दुसऱ्या सिलिकॉनच्या वस्तूला चिकटून ठेवायचं नाही, आणि कपाटाला किल्ली. बराच काळ वापर नसेल तर अधूनमधून चार्ज करा, नाहीतर लिथियमची बॅटरी पूर्ण उतरून कायमची जाते.

पुढच्या भागात वंगणं : औषधाच्या दुकानातल्या ट्यूबवर काय वाचायचं, आणि रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा.