हायड्रोजनच्या वाटेवर इरिडियमचा अडसर

प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूची ओळख बहुतेकांना शालेय पाठ्यपुस्तकातून झालेली असते. पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्रमाण किलोग्रॅम याच मिश्रधातूचा आहे. १८८९ पासून २०१९ पर्यंत जगाचे वजनमाप या लहानशा दंडगोलाने ठरवले. सहजी न गंजणारा, न झिजणारा पदार्थ म्हणून त्याची निवड झाली होती. नेमका हाच गुण आज स्वच्छ इंधनाच्या शोधात मोलाचा ठरला आहे.

सौर वा पवन ऊर्जेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून मिळवलेला हायड्रोजन म्हणजे हरित हायड्रोजन. पोलाद, खते आणि तेलशुद्धीकरण या उद्योगांतील कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी त्याकडे आशेने पाहिले जाते. हे विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझर यंत्रांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. अल्कधर्मी द्रावणावर चालणारा प्रकार जुना आणि स्वस्त असून त्यात निकेलवर भागते. दुसरा, ‘पेम’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार आटोपशीर असतो आणि ऊन-वाऱ्यासोबत कमी-जास्त होणाऱ्या विजेशी चटकन जुळवून घेतो. मात्र त्यातील पातळ पटल तीव्र आम्लधर्मी असते. ऑक्सिजन मुक्त होणाऱ्या धनाग्रावर बहुतेक धातू या आम्लात विरघळून जातात. तेथे दीर्घकाळ टिकून उत्प्रेरकाचे काम करते ते इरिडियमचे ऑक्साइड. ऋणाग्रावर प्लॅटिनम वापरले जाते.

अडचण आहे ती पुरवठ्याची. जगभरात वर्षाला तीन हजार टनांहून अधिक सोने खाणींतून निघते. इरिडियम मात्र जेमतेम सात-आठ टन. त्यातील बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येते. शिवाय इरिडियमची स्वतंत्र खाण नसते. प्लॅटिनमच्या खनिजासोबत ते अल्प प्रमाणात हाती लागते. त्यामुळे भाव वाढला तरी उत्पादन वाढत नाही. २०२० च्या प्रारंभी औंसाला सुमारे दीड हजार डॉलर असलेला दर २०२१ मध्ये सहा हजारांवर गेला, त्यामागे हेच कारण होते.

आता साधे गणित पाहू. एक गिगावॅट क्षमतेच्या पेम यंत्रणेस सुमारे ४०० किलो इरिडियम लागते, असे धरले जाते. म्हणजे जगाचे वर्षाचे सारे उत्पादन याच कामी लावले तरी वीस गिगावॅटपलीकडे मजल जाणार नाही. स्पार्क प्लग आणि क्लोरीन उद्योग यांनाही हा धातू हवाच असतो. भारताने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता हे तिचे उद्दिष्ट असून, त्यासाठी सुमारे १२५ गिगावॅट नवीकरणीय वीज उभारण्याचे नियोजन आहे. एवढा डोलारा केवळ पेम तंत्रज्ञानावर उभा राहणे शक्य नाही.

प्लॅटिनमची स्थिती तुलनेने बरी आहे. वाहनांच्या धूरशोधक यंत्रणेत ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. विजेवरील मोटारी वाढतील तशी ही मागणी ओसरेल आणि भंगारातील प्लॅटिनम हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटांसाठी उपलब्ध होईल.

इरिडियमच्या बाबतीत मार्ग तीन. उत्प्रेरकाचा थर अधिकाधिक पातळ करणे, शक्य तेथे अल्कधर्मी यंत्रे वापरणे आणि जुन्या यंत्रांतील धातू परत मिळवणे. यातील तिसरा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे. खनिज तेलासाठी आखाताकडे पाहण्याची सवय सोडताना, एका धातूसाठी दक्षिण आफ्रिकेकडे डोळे लावून बसण्याची पाळी येऊ नये. तेल एकदा जळले की संपते. इरिडियम मात्र यंत्राचे आयुष्य सरले तरी बव्हंशी शिल्लक राहते. ते भंगारात हरवू न देण्याची व्यवस्था, पहिली यंत्रे बसवली जात असतानाच उभी करावयास हवी.